बारावर ठेवलेलं बटण

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळची फोनची फेरी झाली. अक्का, सातारा: बी.पी. बरं, पण मीठ सोडायला तयार नाही. "बिनमिठाचं जेवून जगायचं कशाला रे, दामू?" मीनू, नोएडा: खोकला आहेच; या हवेत कोणाला नाही! विहानचा पुढचा दात पडला. "आजोबा, माझा दात गिर गया," एवढं मराठी शाबूत आहे, चलो, तेही नसे थोडके. सुधाचा गुडघा: ती म्हणते बरा. जिना उतरताना मी पाहिलं ते वेगळंच होतं. मी ठीक. स्पीकर ठीक, डाव्याच्या जाळीवर धूळ.

शब्बीरला फोन करावा लागत नाही, रविवारी तो स्वतःच येतो. गुरुग्रामहून मेट्रोने, राजीव चौकला बदलून, दहाच्या आत मयूर विहार. साखर, पोट, झोप सगळं दारातच चपला काढता काढता विचारून होतं. कानांचं तेवढं मी विचारत नाही. तोही काढत नाही. असं किती दिवस चाललंय कोण जाणे.

आज ते जुनं तोडीचं रेकॉर्डिंग. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी नेहमीप्रमाणे आलापातच घोरू लागले. श. वेताच्या खुर्चीत, हात कानामागे. सम येऊन गेली, आणि मग त्याची "वाहवा" आली. पूर्वी सम यायच्या आधी त्याची मान हलायला लागायची. आपल्याला कळायचं की आता येणार.

पोहे खाताना म्हणाला, "दामू, डिसेंबरात मिरजेला चाललो. मुलीकडे."

"किती दिवस?" सु.

"परतीचं तिकीट नाही, वहिनी."

सु. उठून आत गेली आणि आणखी पोहे घेऊन आली. कोणालाच नको होते. सगळ्यांनी खाल्ले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

म्हणजे पाच-सहा रविवार राहिले.

डोक्यात एकच. जायच्या आधी त्याला एकदा नीट ऐकू यायला हवं. तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो बारीक झंकार, शब्दांच्या शेवटचे बारीक स, श, च. माझी खात्री आहे, तेवढंच निसटतंय. जाड आवाज त्याला येतो. ट्रक येतो, सुधाची हाक येत नाही.

सु. भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांची खुर्ची पुढे घ्या की. स्पीकरच्या जवळ."

"आणि काय सांगू? तुला ऐकू येत नाही म्हणून पुढे बस?"

"मग ते बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण फिरवा. त्याच्यासाठीच असतं ना ते?"

बायकोला काय सांगणार? ते बटण फिरवायचं नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये समोरासमोर राहत होतो तेव्हा मी आणि श.ने मिळून दोन जुळे अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बांधले. शिकवायला कोणी नाही, फुटपाथवरची जुनी मासिकं आणि भाजलेली बोटं. एक त्याला, एक मला. बेस आणि ट्रेबलची बटणं बसवली आणि दोन्ही सरळ वर, घड्याळात बारा वाजतात तशी करून ठेवली, ती कायमची. श. म्हणाला होता, "गाणाऱ्याने जेवढं मीठ घातलंय तेवढंच. आपण वरून घालायचं नाही." तेव्हापासून नाही घातलं. पाहुण्याने हात लावला तर हात धरायचो आम्ही. त्याच्या देखत आता ते बटण मी फिरवलं तर त्याला एका क्षणात कळेल की कोणासाठी फिरवलं.

तर मग उपाय असा हवा की कारण दुसरंच वाटलं पाहिजे. त्याचा अ‍ॅम्प गुरुग्रामला पलंगाखाली पडून आहे, मुलाच्या घरी टीव्हीखालची ती लांब पट्टी वाजते. तो आणला तर दोन रस्ते:

ब्रिज. एका अ‍ॅम्पची दोन्ही अंगं एकाच स्पीकरला जुंपायची, दुसऱ्याची दुसऱ्याला. जोर भरपूर. पण माझे स्पीकर चार ओहमचे, खादाड. अ‍ॅम्प तापणार.

बाय-अ‍ॅम्पिंग. एक अ‍ॅम्प दोन्ही स्पीकरच्या फक्त वूफरला, म्हणजे खालच्या मोठ्या शंकूला. दुसरा फक्त ट्विटरला, वरच्या बारीक आवाजाच्या चकतीला. मग ट्विटरवाल्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम थोडा चढवला की बारीक आवाज वर. ट्रेबलचं बटण बारावरच. शपथ शाबूत!

किंवा आहे तसा एकच. पण मग काही केलं असं कसं होईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

श.ला फोन. ओरडून बोलावं लागतं, पण मी नेटवर्कला शिव्या देतो, म्हणजे ओरडणं खपून जातं.

"तुझा अ‍ॅम्प आण रविवारी. दोन्ही जोडून पाहू एकदा. खोली मोठी वाटेल आवाजाला."

"आता ही थेरं? मला तो मिरजेला न्यायचाय, लेका. तिथं दुसरं काही नाही ऐकायला."

"ने की. त्याआधी चार रविवार माझ्याकडे राहू दे. जुळ्यांची गाठ पडू दे."

हसला. "बरं. पण जसा देतोय तसा परत पाहिजे."

"बिल्कुल," म्हणालो.

रविवार, ९ नोव्हेंबर

आला! अ‍ॅम्प चादरीत बांधलेला, बायको माहेराहून गाठोडं आणते तसा. घामाघूम. टॅक्सी नाही केली, मेट्रोनेच. तपासणीच्या यंत्रापाशी शिपायाने थांबवलं म्हणे. दारातूनच सुरू:

"विचारतो, अंकल, इसमें बैटरी है क्या? मी म्हटलं, हाँ हाँ. बॉम्ब शोधणारे आले, दामू! सगळी चादर सोडली. साहेब आले, म्हणाले, बैटरी कहाँ है? मी म्हटलं, बैटरी? कोण म्हणालं बॅटरी?"

सगळे हसलो. कुलकर्णी तर डोळे पुसत होते. मीही हसलो. आता लिहिताना वाटतंय, शिपायाने काय विचारलं ते त्याला कळलंच नव्हतं. कळलं नाही की तो हो म्हणतो.

दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवले. माझा झाकणावर ओरखडा असलेला, त्याचा व्हॉल्यूमच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो त्याच्या रझियाने लावलेला, आवाज यापुढे न्यायचा नाही म्हणून. ती गेली, ठिपका आहे. श. त्या ठिपक्यापुढे आजही नेत नाही.

पहिल्यांदा ब्रिज करून पाहिलं. आवाज दणदणीत. कुलकर्णी जागे झाले ("भूकंप?"). पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही झाकणं तव्यासारखी. आणि श.? हात कानामागेच. "मोठं झालं रे," म्हणाला. मोठं झालं. स्पष्ट नाही झालं.

बंद केलं. ब्रिज बाद.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाहेर सगळं राखाडी, समोरची इमारत दिसत नाही. सु.ने खिडक्या बंद केल्यात. हवा गाळायचं यंत्र दिवसभर घोंघावतंय.

बाय-अ‍ॅम्पिंगच. वायरी कापून, टोकं सोलून ठेवल्या. स्पीकर मीच बनवलेले, मागे टर्मिनलच्या दोन-दोन जोड्या आहेत, वरची ट्विटरची, खालची वूफरची. एरवी दोन्ही पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून एका अ‍ॅम्पवर सगळं चालतं. दोन अ‍ॅम्प लावायचे तर पट्ट्या आधी काढायच्या. नाही काढल्या तर दोन अ‍ॅम्प एकमेकांच्या तोंडात वीज ओतणार. हे स्वतःला लिहून ठेवतोय, कारण परवा मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता.

सु.: "एवढा खटाटोप? त्यांना सरळ विचारा ना एकदा. मित्र आहेत तुमचे."

"त्याला वाईट वाटेल."

"आणि मिरजेला गेल्यावर तुम्हाला काय वाटेल?"

पक्कड शोधायला गेलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

जळला. श.चा अ‍ॅम्प जळला.

आज लिहवत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिहून काढतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

कुलकर्णी नव्हते, सर्दी. श. लवकर आला, उत्साहात. "आज मीही हात लावणार," म्हणाला. पूर्वीसारखं. मला बरं वाटलं. डावा स्पीकर मी घेतला, उजवा त्याने. दोघे म्हातारे गुडघे मोडून स्पीकरच्या मागे. सु. म्हणाली, "तुमच्या दोघांकडे पाहून क्वार्टर आठवलं." तिने फोटो काढला. फोटोत दोघांच्या पाठी आहेत.

ते हवेचं यंत्र चालू होतं. माझी त्याच्याकडे पाठ. मी विचारलं, "पट्ट्या काढल्यास का रे?"

"हो हो."

मी उठून पाहायला हवं होतं. दोन पावलं होती.

दोन्ही अ‍ॅम्प चालू केले. त्याचा ट्विटरला दिला होता, व्हॉल्यूम लाल ठिपक्यापर्यंत. आधी एक गुरगुर आली, मग उजवीकडून कडकन् आवाज. माझ्या अ‍ॅम्पचा फ्यूज उडाला, तो वाचला. त्याच्याचा नाही उडाला. झाकणाच्या फटीतून धूर, आणि तो वास. ज्याने कधी सोल्डरिंग केलंय त्याला तो वास ओळखू येतो.

मी उजव्या स्पीकरच्या मागे गेलो. पट्ट्या जागच्या जागी. चकचकीत. त्याने वायरी लावल्या होत्या, पट्ट्यांना हातही लावला नव्हता.

तेव्हा मी जे बोललो ते असं. शब्द न् शब्द लक्षात आहे.

"हो म्हणालास ना? ऐकू येत नाही तर हो कशाला म्हणतोस? सरळ सांगून टाक ना एकदाचं, की बहिरा झालोय!"

ओरडून नाही बोललो. हेच तर आहे. दर वेळी त्याच्याशी ओरडून बोलतो, आणि नेमकं हे हळू आवाजात, दात चावून बोललो. आणि हे मात्र त्याला स्पष्ट ऐकू गेलं. कानामागे हात नाही गेला.

उभा राहिला. गुडघे झटकले. सु.ला म्हणाला, "चहा नको, वहिनी. मेट्रोला गर्दी होते नंतर."

रविवारी कसली गर्दी.

माझ्याकडे पाहून म्हणाला, "पट्ट्यांचं विचारत होतास होय." बस, एवढंच. आणि गेला. अ‍ॅम्प इथेच राहिला.

संध्याकाळी सु. एकच म्हणाली: "इतके दिवस त्यांना कळू नये म्हणून जपत होतात, आणि सांगितलंत ते असं?"

गुरुवार, २० नोव्हेंबर

अ‍ॅम्प उघडला. आत माझं आणि त्याचं सोल्डर वेगवेगळं ओळखू येतं. माझे थेंब फुगीर, त्याचे चपटे आणि नेटके. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत, खाली बोर्ड कोळशासारखा. ते ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत. चांदनी चौकाच्या बाजूला जाऊन आलो. दुकानदार प्रामाणिक निघाला: "अंकलजी, नाम वही लिखा मिलेगा, माल वो नहीं होगा. एक हफ्ता चलेगा." तरी आणलेत. बसवीन. आठवडा तर आठवडा.

परतताना मेट्रोत सगळ्यांच्या कानात ती पांढरी बोंडं. कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं आणि कोणालाच त्याची लाज नव्हती.

श.ला मेसेज केला: चुकलो. ये. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

फोनची फेरी. अक्का: तशीच, मिठासकट. मीनू: खोकला कमी. विहान: दुसरा दात हलतोय. सु.: गुडघा विचारला तर "आहे" म्हणाली.

दहा वाजले. सु.ने पोहे केले होते, नेहमीच्या मापाने. कुलकर्णी आले, वेताच्या खुर्चीकडे पाहून बाजूच्या सोफ्यावर बसले. घोरले नाहीत. म्हणाले, "शब्बीरभाईंशिवाय झोपसुद्धा येत नाही हो इथे."

काही लावलं नाही. माझ्या अ‍ॅम्पमध्ये नवा फ्यूज टाकलाय, चालतो. पण लावलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सु.ने माझ्यासमोर श.च्या सुनेला, नाझनीनला, फोन केला, स्पीकरवर. लखनौची पोर, गोड बोलते.

"पापा ठीक हैं आंटी. बस, चुप हैं. कान की जाँच तो दो साल पहले हुई थी. मशीन लिखी थी डॉक्टर ने, पर पापा ने मना कर दिया. यहाँ इंटरकॉम बजता है, गेट से ऐप पर पूछते हैं, बच्चे कमरे से आवाज़ लगाते हैं... उन्हें कुछ पता नहीं चलता. इसीलिए तो मिरज जा रहे हैं. वहाँ उनकी बेटी, आपा, सामने बैठकर बात करती हैं."

मग म्हणाली, "एक बात कहूँ? पापा कहते थे, दामू के यहाँ सुनना नहीं पड़ता. सब पहले से पता होता है."

सु.ने फोन ठेवला. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. हवेने डोळ्यांना पाणी येतंय असं सांगायची सोय आहे दिल्लीत या दिवसांत.

त्याला पाठच होतं सगळं. कुठे आलाप संपतो, कुठे तबला येतो, माझ्याकडे कुठला रविवार कुठल्या रेकॉर्डिंगचा. तो यायचा आणि बसायचा. त्याचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं माझं.

रविवार, ३० नोव्हेंबर

डुप्लिकेट ट्रान्झिस्टर बसवले. अर्धा तास वाजला आणि पुन्हा तोच वास. त्याचा अ‍ॅम्प संपला. जसा देतोय तसा परत पाहिजे, म्हणाला होता. मी बिल्कुल म्हणालो होतो.

दुपारी माझा एकटा अ‍ॅम्प लावला. दोन नाही, ब्रिज नाही, काही नाही. पट्ट्या परत बसवल्या, एक अ‍ॅम्प, दोन स्पीकर. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ट्रेबलचं बटण बारावरून फिरवलं. एक. दोन. तीनवर नेलं. बटण घट्ट झालं होतं, कुरकुरलं. तंबोरा असा उजळला की मीच दचकलो. शब्दांचे काठ दिसायला लागले. मग कानात बोटं घालून ऐकलं, श.ला कसं येत असेल ते कळावं म्हणून. तरीही तंबोरा येत होता.

सु. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हेच हवं होतं ना?"

"हो."

"मग एवढं रामायण?"

ती रागाने नाही म्हणाली. ते जास्त लागलं.

ठरवलं. माझा अ‍ॅम्प त्याला द्यायचा. जुळाच आहे. ठिपका माझ्याकडच्या बटणावर नाही, म्हणून दोन्हींची व्हॉल्यूमची बटणं काढून अदलाबदल केली. रझियाचा ठिपका तरी त्याच्याबरोबर जाऊ दे. फसवायचं म्हणून नाही. झाकणावरचा माझा ओरखडा तसाच आहे, तो पाहताच ओळखेल.

शनिवार, ६ डिसेंबर

गुरुग्राम. चादरीत अ‍ॅम्प, त्याचीच चादर, सु.ने धुऊन इस्त्री केलेली. या वेळी टॅक्सी. गेटवर पोराने नाव, फ्लॅट, फोन विचारला, मग वरून परवानगी येईपर्यंत उभं केलं. बराच वेळ आली नाही. मग आली.

बाविसावा मजला. नाझनीनने दार उघडलं. "आइए अंकल. पापा... पापा ज़रा सो रहे हैं."

दाराशी त्याच्या चपला. आणि आत कुठेतरी खोकल्याचा आवाज. तो खोकला मी ओळखतो, क्वार्टरच्या दोन भिंतींतून ओळखायचो.

मी मोठ्याने काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का? मोठ्याने बोललो असतो तर ऐकवण्यासाठी बोलतोय असं झालं असतं, हळू बोललो असतो तर ऐकू गेलं नसतं. नाझनीनला म्हटलं, "ये उनका है." अ‍ॅम्प टेबलावर ठेवला. ट्रेबल तीनवर होता. हलू नये म्हणून बटणावर सेलोटेपची बारीक पट्टी लावली होती. चिठ्ठी वगैरे नाही. त्याला कळायला ते बटण पुरेसं आहे.

चहा पिऊन निघालो. चहा छान होता, नाझनीन आलं भरपूर घालते. लिफ्टमध्ये वाटलं, त्या सेलोटेपने काय सांगितलं मी? "तुझ्यासाठी शपथ मोडली," की "तू बहिरा आहेस हे घे, बटणावर लिहून"?

परत वर जावंसं वाटलं. पुन्हा परवानगी मागावी लागली असती.

रविवार, १४ डिसेंबर

श. मिरजेला गेला. परवाच गेला. नाझनीनचा सु.ला मेसेज, पोहोचल्यावरचा. धुक्याने गाडी खूप उशिरा पोहोचली पण नीट पोहोचली. अ‍ॅम्प मांडीवर घेऊन बसला होता म्हणे, सामानाच्या खाली जाऊ दिला नाही.

स्टेशनवर गेलो नाही, कारण कळवलंच नाही कोणी. कळवलं असतं तर गेलो असतो का? गेलो असतो. काय बोललो असतो, तिथल्या गोंगाटात, ते माहीत नाही.

खोलीत स्पीकर आहेत, चालता अ‍ॅम्प नाही. मीनू म्हणते नवीन घेऊन देते, फोनवरून चालणारा. नको म्हटलं. श.चा मेलेला अ‍ॅम्प जागेवर ठेवलाय, माझ्या बटणासकट. कुलकर्णी आले. सु.ने फोनवर काहीतरी लावलं, वाटीत फोन ठेवला की आवाज मोठा होतो हे तिला विहानने शिकवलंय. वाटीतला तंबोरा. कुलकर्णी झोपले एकदाचे.

रविवार, २१ डिसेंबर

फोनची फेरी. अक्का बरी, तिच्याकडे थंडी पडलीय, शेंगदाण्याची चिक्की खाऊन दात दुखतोय. मीनू बरी. विहानचा दुसराही पडला, आता "स" म्हणता येत नाही त्याला. सु.चा गुडघा खरोखर बरा, जिन्यात पाहिलं.

साडेदहाला फोन वाजला, मेसेजची टिंग. सु.ने आणून हातात दिला. "तुमचाच आहे. मिरजेहून."

श.ने पाठवलेला फोटो. शब्द एकही नाही. भिंतीतलं फडताळ, त्यावर माझा अ‍ॅम्प, ओरखडा पुढे करून ठेवलेला. शेजारी दोन छोटे स्पीकर, पाण्याचा तांब्या. दिवा लागलेला, म्हणजे चालू आहे. लाल ठिपका दिसतोय. सेलोटेप काढलेली आहे. आणि ट्रेबल...

बारावर. सरळ वर.

चष्मा पुसून पाहिलं. मोठं करून पाहिलं. बारावरच.

सु. म्हणते, "मशीन लावून घेतलं असेल. मुलीने लावलं असेल कानाला."

मी म्हटलं, "किंवा रागावलाय अजून. तुझी मेहरबानी नको म्हणतोय."

"रागावलेला माणूस फोटो पाठवतो होय?"

"श. पाठवतो. तू ओळखत नाहीस त्याला."

"मी? त्यांच्या रझियाच्या बाळंतपणात कोण होतं क्वार्टरमध्ये? मी ओळखत नाही?"

फोटो पुन्हा उघडला. किंवा तो तीनवर ऐकतही नसेल, बारावरही नाही. पाठ असलेलं ऐकत असेल, आणि त्याला कोणतंही बटण चालत असेल. किंवा शपथ. आमची शपथ पाळतोय, मी मोडली तरी. यातलं कोणतं, फोटो पाहून कळत नाही. आवाज असता तर कळलं असतं.

दुपारभर मेसेज लिहितोय आणि पुसतोय. शेवटी हा पाठवतो, इथेही उतरवून ठेवतो:

शब्बीर, फोटो पोहोचला. साखर किती? मिरजेचं पाणी पोटाला मानवलं का? रात्री झोप लागते? मुलगी, जावई, नातवंडं कशी आहेत, नावानिशी कळव. सु. वहिनीचा सलाम, तिचा गुडघा बरा आहे, रविवारी पोहे अजून जास्तच होतात. कुलकर्णींना पुन्हा झोप यायला लागलीय. मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं, आणि जे विचारायला हवं होतं ते कधी विचारलं नाही. आता विचारतो.

कान कसे आहेत रे?

फोटो नको. लिही. लवकर लिही.